बहात्तर साल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९७२ बद्दल लिहायला घेतलं की दोन प्रकारची माणसं भेटतात. गावाकडची म्हणतात, "दुष्काळाचं लिहिताय होय?" पुण्या-मुंबईची म्हणतात, "वा, घाशीरामचं साल!" दोघांचंही बरोबर आहे आणि दोघांनाही दुसऱ्याचं बहात्तर फारसं ठाऊक नसतं. खालचे प्रश्न गेल्या काही वर्षांत नातेवाइकांनी, मित्रांच्या मुलांनी आणि एकदोनदा एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांनी विचारलेले आहेत.

नुसतं 'बहात्तर' म्हटलं की दुष्काळच का समजायचा?

कारण त्या दुष्काळाला दुसरं नावच पडलं नाही. सहाशे वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या मोठ्या दुष्काळाला लोकांनी 'दुर्गादेवीचा दुष्काळ' म्हटलं, म्हणजे त्याचं खापर देवीच्या कोपावर फोडलं. १९७२ पर्यंत शाळा, तलाठी, रेशनकार्ड, निवडणुका सगळं आलं होतं. लोक सन सांगायला शिकले होते. देवीच्या जागी आकडा आला. राजस्थानात विक्रम संवत १९५६ च्या दुष्काळाला 'छप्पनिया' म्हणतात, त्याच जातीचं हे नाव.

माझ्या आजीला स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती. पण "तुझा धाकटा काका बहात्तरच्या आदल्या साली झाला" हे ती ठामपणे सांगायची. पुष्कळ घरांत माणसांची वयं अशीच बहात्तरच्या अलीकडे-पलीकडे मोजलेली आहेत. आधार कार्डावर १ जून छापलेल्या पिढीचं खरं वय काढायचं असेल तर हीच युक्ती वापरा.

दुष्काळ फक्त त्याच वर्षी पडला होता का?

नाही. १९७० आणि १९७१ चे पावसाळेही अनेक जिल्ह्यांत हात आखडूनच आले होते. १९७२ चा पाऊस गेला आणि मग काही उरलं नाही. खरी होरपळ १९७३ च्या उन्हाळ्यात झाली. मे १९७३ मध्ये सरकारी दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. आकडा पुन्हा वाचा: ५० लाख माणसं, टोपली-फावडं घेऊन, एका राज्यात, एकाच वेळी. अहमदनगर, सोलापूर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, सांगली-साताऱ्याचा पूर्वेकडचा भाग, पुण्याचे दौंड-बारामती-इंदापूर-पुरंदर हे पट्टे सगळ्यात जास्त भाजले.

आठवणीत मात्र १९७३ ला जागा नाही. सगळं बहात्तरच्या नावावर चढलं आहे.

'बहात्तरला पाणी होतं पण धान्य नव्हतं, आता धान्य आहे पण पाणी नाही.' हे खरं आहे का?

२०१२-१३ च्या दुष्काळात हे वाक्य प्रत्येक पारावर ऐकू आलं आणि २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं तेव्हा पुन्हा ऐकू आलं. ढोबळ अर्थाने खरं आहे. त्या काळी विहिरी हाताने खणलेल्या, मोटेने किंवा छोट्या इंजिनाने उपसलेल्या. आडात घागरभर पाणी बहुतेक गावांत मिळायचं, कारण जमिनीच्या पोटातलं पाणी उपसायची ताकदच आपल्याकडे नव्हती. ती ताकद नंतर आली: वीज, पाणबुडी मोटर, पाचशे-सातशे फुटांची बोअर आणि ऊस.

पण "पाणी होतं" हे वाक्य कोण म्हणतंय तेही बघायला हवं. ज्यांना गावच्या विहिरीवर चढू दिलं जात नव्हतं, त्यांच्या घरात बहात्तरलाही पाणी नव्हतं, एकाहत्तरलाही नव्हतं. त्याबद्दल पुढे येईलच.

मिलो म्हणजे काय? आणि सुकडी?

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिकडे ती बहुतेक जनावरांना घालतात; इकडे ती रेशनवर आली. पांढऱ्याशुभ्र शाळूवर वाढलेल्या माणसांना ती भाकरी बघूनच कसंसं व्हायचं. थापताना कडा चिरायच्या, तव्यावर रंग विटकरी व्हायचा आणि गार झाली की चामड्यासारखी. आजी म्हणायची, "पोटाला कळत नव्हतं ती कसली, तोंडाला कळायचं." आजही आमच्याकडे कुणी भाकरीला नावं ठेवली की म्हातारी माणसं "मिलो खाल्ली असतीस म्हणजे कळलं असतं" असं म्हणून विषय संपवतात. ऐकणाऱ्या नातवाला मिलो हे चॉकलेट-दुधाच्या पावडरीचं नाव वाटतं.

सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर वाटलं जाणारं भरड, गोडसर, पौष्टिक मिश्रण. मूठभर तोंडात टाकायचं, वर पाणी प्यायचं. हा शब्द दुष्काळाबरोबर संपला नाही. पुढे अंगणवाड्या आल्या आणि तिथल्या खाऊलाही पुष्कळ गावांनी सुकडीच म्हटलं. सरकारी कागदावर काहीही नाव असो, बाई पोराला विचारते, "आज सुकडी दिली का रे?"

लोक खडी फोडायला जायचे म्हणजे नक्की काय करायचे?

सकाळी लवकर निघायचं, कारण कधीकधी काम चारपाच कोसांवर असायचं. मुकादम हजेरी घ्यायचा, हजेरीपटावर अंगठा. मग मोठ्या दगडाचे तुकडे करायचे, तुकड्यांची खडी करायची आणि खडीचा चौकोनी ढीग लावायचा, कारण मजुरी ढीग मोजून मिळे. ढीग लावताना मधे पोकळी ठेवली तर तेवढ्याच खडीत माप जास्त भरतं, हे शहाणपण पहिल्या आठवड्यात सगळ्यांना यायचं आणि दुसऱ्या आठवड्यात मुकादमालाही. डोळ्यात कपच्या उडायच्या, बोटं ठेचायची. तान्ही पोरं बाभळीच्या किंवा लिंबाच्या सावलीला, फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत.

खडीखेरीज पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, मातीचे बंधारे ही कामं होती. आज गावाकडे जाणारा जो रस्ता कशासाठी काढला ते कुणालाच कळत नाही, माळावरून येतो आणि माळावरच संपतो, तो बहुधा तेव्हाचा.

एक गोष्ट इथे थांबून सांगण्यासारखी आहे. पाटलाच्या, देशमुखाच्या वाड्यातल्या ज्या बायका कधी शेताच्या बांधावरही उभ्या राहिल्या नव्हत्या, त्यासुद्धा कामावर आल्या. पदर नाकापर्यंत ओढून, पहाटे अंधारात, शक्यतो लांबच्या कामावर, म्हणजे ओळखीचं कुणी भेटू नये. शेजारच्या ढिगावर महारवाड्यातली, मांगवाड्यातली बाई. दोघींच्या हातात तीच हातोडी आणि तीच मजुरी. यातून जात गेली असं म्हणणारा भाबडा मी नाही; पाण्याचे माठ वेगळेच असत. पण "आम्ही कधी कुणाच्या हाताखाली राबलो नाही" हे वाक्य त्यानंतर बऱ्याच घरांत जरा हळू आवाजात बोललं जाऊ लागलं.

माझ्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये 'व्यवसाय कर' म्हणून कापतात. त्याचा बहात्तरशी काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे.

तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधानपरिषदेचे सभापती होते. जो अंगमेहनतीचं काम मागेल त्याला सरकारने काम दिलंच पाहिजे, अशी त्यांची कल्पना. साठच्या दशकात त्यांनी ती आपल्याच भागात करून पाहिली होती. बहात्तरला वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. दुष्काळाने त्या कल्पनेला राज्यभर नेलं. तीच रोजगार हमी योजना, म्हणजे रोहयो. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

पैसा कुठून आणायचा? त्यासाठी जे कर बसवले त्यातला एक म्हणजे १९७५ चा व्यवसाय कर. शहरातल्या पगारदाराने थोडे पैसे द्यायचे आणि खेड्यातल्या मजुराला काम मिळायचं, असा साधा हिशेब. आज बहुतेकांचे महिन्याला २०० कापतात आणि फेब्रुवारीत ३००. तो फेब्रुवारीचा जादा शंभर म्हणजे घोटाळा नाही: या कराला राज्यघटनेने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, आणि अकरा महिन्यांचे २,२०० अधिक ३०० मिळून ती बरोबर भरते.

हिंजवडीतल्या एका काचेच्या इमारतीत काम करणारा माझा भाचा हे ऐकून म्हणाला, "म्हणजे माझ्या पेस्लिपवर दुष्काळ आहे?" आहे.

पुढे २००५ मध्ये केंद्राने सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचा तीस वर्षांचा अनुभव होता. त्यातले गुण होते तसे दोषही.

दोष कोणते? रोहयोला तर सगळे नावं ठेवायचे.

ठेवायचेच. "रोहयोचं काम" म्हणजे अर्धवट सोडलेलं, ही व्याख्या उगीच झाली नाही. हजेरीपटावर असलेली पण कामावर नसलेली माणसं, कागदावरच्या विहिरी, पावसाळ्यात वाहून गेलेले बांध हे सगळं झालं. या योजनेतल्या भ्रष्टाचारावर विनोदी कथा, वगनाट्यं आणि कीर्तनांतले टोमणे इतके झाले की तो मराठी विनोदाचा एक स्वतंत्र कप्पाच आहे.

पण दुसरी बाजूही खरी आहे. पूर्वीच्या दुष्काळांत माणसं रस्त्यावर मरून पडायची, तसं या वेळी मोठ्या प्रमाणावर झालं नाही. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी दुष्काळनिवारणाचं उदाहरण म्हणून महाराष्ट्राच्या या वर्षांचा अभ्यास केला तो यामुळेच. हाल झाले, कुपोषण झालं, गुरं कवडीमोलाने गेली. माणसं बरीचशी जगली.

आणि त्या पाझर तलावांचं काय झालं? बरेच गाळाने भरले. २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना आली, जेसीबी लागले आणि जुन्या तलावांतला काळा गाळ ट्रॉल्यांनी शेतात जाऊन पडला. आजोबांनी टोपलीने बांधलेल्या तलावाचा गाळ नातवाच्या मुरमाड रानात. या साखळीला कुणी इतिहास म्हणत नाही, पण पीक चांगलं येतं.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावची पाणी पंचायतही याच मातीतली. विलासराव साळुंखे हे पुण्यातले कारखानदार अभियंते. दुष्काळी कामं बघायला गेले आणि एवढे हात राबूनही पाणी अडत का नाही या प्रश्नाने अस्वस्थ होऊन परतले. त्यांनी नायगावात नियम घातले ते असे: पाणी जमिनीच्या मापाने नाही तर माणशी, माणसामागे अर्धा एकर भिजेल एवढं, भूमिहीनालाही वाटा, ऊस लावायचा नाही. पन्नास वर्षांनंतरही पाण्याच्या परिषदांमध्ये हे नियम आदराने सांगितले जातात, आणि परिषदेच्या चहात साखर असतेच.

आमच्या गावचा हापसाही बहात्तरचाच का?

तुमच्या गावचा असेलच असं नाही, पण त्याचं कूळ तिथलं आहे. साठच्या दशकाच्या शेवटी आणि दुष्काळाच्या वर्षांत कठीण खडकात बोअर पाडायची यंत्रं आपल्याकडे आली. बोअर पडल्या, त्यांवर बिडाचे हातपंप बसले, आणि ते भराभर मोडले. ते एका घरापुरते बनवलेले होते, आणि इथे सगळं गाव दिवसभर दांडा हलवायचं. जालना आणि सोलापूरच्या मिशनरी कार्यशाळांत मग दणकट पंप घडवले गेले. सोलापूरच्या पंपात दांड्याला आत साखळी जोडली होती, त्यामुळे ओढ सरळ राहायची आणि झीज कमी व्हायची. त्या पंपावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' तयार झाला. तो पुढे आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांतही गेला आणि जगात सगळ्यात जास्त वापरला गेलेला हातपंप ठरला.

सोलापूरला याचा एखादा तरी फलक असायला हवा होता. तिथे चादरीचा फलक आहे.

शहरातलं बहात्तर वेगळं होतं म्हणता, ते कसं?

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं केंद्र. खरिपाची पिकं उभ्या उभ्या करपली होती त्याच महिन्यात वरळीच्या स्टुडिओतून कृष्णधवल चित्र बाहेर पडत होतं. पुढे शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं' लागायचं. ज्यांच्यासाठी तो कार्यक्रम होता त्यांच्याकडे संच नव्हता आणि ज्यांच्याकडे संच होता ते 'गजरा'ची वाट बघत तो सहन करायचे. त्यामुळे दादर-गिरगावातल्या एका आख्ख्या पिढीला करडईवरची कीड आणि तिच्यावरचं औषध माहीत आहे, करडई मात्र त्यांनी कधी पाहिलेली नाही.

त्याच वर्षी 'पिंजरा' आला. व्ही. शांतारामांचा रंगीत चित्रपट, डॉ. श्रीराम लागूंचा पडद्यावरचा पहिला. जगदीश खेबुडकरांच्या त्यातल्या लावण्या आजही गणपतीच्या मांडवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओंत नाचल्या जातात. नाचणाऱ्या मुलीच्या आईचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता.

'घाशीराम कोतवाल'वर एवढा गदारोळ का झाला होता?

१६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर, पुणे. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचा प्रयोग, विजय तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. पडदा उघडतो तर बामणांची एक रांगच उभी. तीच भिंत होते, तीच पालखी, तीच दारं, आणि भिंतीपलीकडे काय चाललंय ते तीच झाकते. मोहन आगाशे नाना फडणवीस.

पुण्यात पेशवाई ही घरची गोष्ट आहे. नानांना असं लंपट दाखवणं आणि ब्राह्मणांच्या रांगेला असं नाचवणं पचणं शक्यच नव्हतं. १९ प्रयोगांनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी नाटक थांबवलं. कलावंत बाहेर पडले, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अॅकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये ते युरोपात गेलं, तेव्हाही विरोध झालाच.

त्याच वर्षी तेंडुलकरांचंच 'सखाराम बाइंडर' सेन्सॉरने अडवलं आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात जाऊन जिंकले. म्हणजे 'भावना दुखावल्या' या मराठी नाट्यप्रकाराचा पायाही याच साली घातला गेला. नाटक न बघता निषेध करायचा, मग बघून म्हणायचं की बघितल्यावर जास्तच वाईट वाटलं, ही संहिता तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

घाशीराम मात्र नाटकातून निसटला. सत्तेने आपल्या सोयीसाठी मोठा केलेला आणि मग कुणाच्याच हातात न राहिलेला अधिकारी दिसला की आजही कुणीतरी "घाशीराम" म्हणतोच. म्हणणाऱ्यांत असेही असतात, ज्यांच्या आजोबांनी प्रयोग बंद पाडायला गर्दी केली होती.

दलित पँथर आणि दुष्काळ यांचा संबंध होता का?

पँथर दुष्काळातून जन्मली असं म्हणणं सोपं पण चूक ठरेल. ती अत्याचारांतून जन्मली. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला होता. परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावी दलित स्त्रियांची विटंबना झाली होती. मुंबईत मे १९७२ च्या अखेरीस नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार यांनी दलित पँथरची घोषणा केली; राजा ढाले आणि इतर तरुण सोबत आले. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं.

१५ ऑगस्ट १९७२ हा स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव. त्या दिवशीच्या 'साधना'च्या विशेषांकात राजा ढालेंचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. राष्ट्रध्वजाचा अवमान झाला तर मोठी शिक्षा आणि दलित बाईची अब्रू गेली तर किरकोळ दंड, मग तो ध्वज आमच्या काय कामाचा, असा त्याचा सवाल होता. भाषा सभ्य नव्हती, सभ्य असायची तिची इच्छाही नव्हती. वादळ उठलं ते भाषेवर. दंडाच्या रकमेवर कुणी फारसं बोललं नाही.

ढसाळांचा 'गोलपिठा'ही त्याच वर्षीचा. कामाठीपुऱ्यातले शब्द छापील कवितेत आले, त्यांतल्या बऱ्याच शब्दांचा अर्थ प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांनाही कवीला विचारावा लागला. त्यानंतर मराठी कविता पुन्हा पूर्वीच्या घरात राहायला गेली नाही. आजचा कुठलाही तरुण कवी, मग तो पेठेतला असो की परभणीचा, शिवी लिहिताना कचरत नाही. ती परवानगी कुणी काढली ते त्याला ठाऊक असो वा नसो.

संघटना म्हणून पँथर दोन वर्षांतच फुटली. पण बॅनरवर नावामागे 'पँथर' लावणारे कार्यकर्ते आजही तुम्हाला मराठवाड्यातल्या कुठल्याही चौकात दिसतील. विद्यापीठाच्या नामांतराची लढाई, जी १९९४ च्या १४ जानेवारीला नामविस्ताराने संपली, तीत रस्त्यावर उतरलेली पिढी पँथरच्या सभांमध्ये तयार झालेली होती. तमिळनाडूतल्या 'विडुदलै चिरुत्तैगळ' या पक्षाच्या नावातली 'चिरुत्तै' म्हणजेही पँथर, आणि ते कूळ मुंबईचंच.

आणि संबंध विचारलात तर एक आहे. दुष्काळाने गावं रिकामी केली. मुंबई-पुण्याच्या झोपडपट्ट्यांत त्या दोन वर्षांत जे आले, त्यांच्यात भूमिहीन दलित मोठ्या संख्येने होते. सभेला माणूस तिथून यायचा.

त्या वर्षीची अशी कोणती घटना आहे जी आज कुणालाच आठवत नाही, पण परिणाम सगळ्यांवर आहे?

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हे एक कारण. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीत संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालय मानेल, असं ठरलं. पीडितेचं नाव छापायला बंदी आली तीही त्याच दुरुस्तीत. वर्तमानपत्रात आज नावाच्या जागी 'पीडिता' वाचता, ते त्यामुळे. मीही इथे नाव लिहिलेलं नाही.

महागाईविरुद्धचा लाटणं मोर्चाही त्याच वर्षीचा का?

हो. तेल, साखर, रॉकेल सगळं महागलेलं आणि मिळेनासं झालेलं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांनी पक्षभेद बाजूला ठेवून १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. हातात लाटणं आणि थाळी. समाजवादी आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर यायला तेलाचा डबा रिकामा व्हावा लागला. आजही कुठल्याही पक्षाची महिला आघाडी गॅसच्या दरावर आंदोलन करते तेव्हा लाटणं हातात असतंच, पोळ्या लाटणारी बाई मोर्चात असो वा नसो.

पिनकोडही १९७२ चाच?

१५ ऑगस्ट १९७२ चा, म्हणजे 'काळा स्वातंत्र्यदिन' छापून आला त्याच दिवसाचा. टपालाचे सहा आकडे बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. वृत्तात अक्षरं बसवणाऱ्याने देशाचे पत्ते आकड्यांत बसवले. महाराष्ट्र ४० ते ४४ मध्ये मावला, गोवा ४०३ मध्ये. पत्रं गेली, पण जेवण मागवताना ते सहा आकडे आजही टाकावे लागतात.

एकाच वर्षी एवढं सगळं, हा योगायोगच ना?

थोडा योगायोग, थोडी आपली लबाडी. कुठलंही साल घेऊन मागे वळून बघा, दहा गोष्टी सापडतील. शिवाय दुष्काळ १९७० पासून चालू होता आणि पँथरची मुळं त्याआधीची.

तरी माझं मत विचाराल तर पूर्ण योगायोग नाही. स्वातंत्र्याच्या वेळी जन्मलेली मुलं त्या वर्षी पंचविशीत आली. त्यांना 'थोडं थांबा, देश नवा आहे' हे सांगून भागत नव्हतं. ढसाळ, ढाले, जब्बार पटेल, आगाशे हे सगळे तेव्हा विशी-तिशीतले. खडीच्या ढिगाजवळ उभा राहून "काम द्या" म्हणणारा माणूसही भीक मागत नव्हता. तो आपलं देणं मागत होता. मला हे सगळे आवाज एकाच पट्टीतले वाटतात, जरी त्यांनी एकमेकांना कधी ऐकलं नसलं तरी.

घरातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं आहे. काय विचारू?

"दुष्काळ कसा होता?" असं विचारू नका. "फार वाईट होता" एवढंच उत्तर येईल. छोटं विचारा. मिलोची भाकरी कशाशी खायचात? कामावर किती वाजता निघायचात? मुकादम कुठल्या गावचा? बैल विकले का, की छावणीत नेले, आणि कुणी नेले? विकले असतील तर नावं विचारा. पन्नास वर्षांनीही बैलांची नावं सांगतात, हे मी पाहिलं आहे.

त्या वेळी जे विशीत होते ते आता सत्तरीच्या पुढे आहेत, म्हणून या दिवाळीलाच विचारा. आणि शक्य असेल तर त्यांना घेऊन त्यांनी काम केलेल्या तलावावर जा. माझ्या आजीला आम्ही नेलं तेव्हा तिने पाण्याकडे बघितलंच नाही. सांडव्याच्या दगडांवर काठी टेकवत ती पुढे गेली, एका ठिकाणी थांबली आणि म्हणाली, "हितनं तिथवर आमची टोळी."